सरईच्या मुळाशी

वाचकहो, पावसाळ्याच्या तोंडावर प्रवासाचा बेत ठरवायचा म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांची पावले सह्याद्रीच्या घाटांकडे वळतात. यंदा थोडी वाट वाकडी करून पूर्वेकडे चला, असे मी सुचवीन. नागपूरहून रायपूर आणि तेथून दक्षिणेला धमतरी, कांकेर, कोंडागाव असे करीत जगदलपूर. रायपूरपासूनचा हा टप्पा सुमारे 300 किलोमीटरांचा. कांकेर मागे पडले की केशकाळचा वळणावळणांचा घाट लागतो आणि घाट चढून बस्तरच्या पठारावर आलो की रस्त्याकडेची झाडी पाहता पाहता बदलते.

आम्हा वैदर्भीयांच्या डोळ्यांना सवय सागवानाची. मृगाचा पाऊस पडेपर्यंत सागाच्या वनात नुसते खांब उभे असतात आणि पायाखाली वाळलेली पाने करकरतात. बस्तरचे वन त्याच दिवसांत हिरवेगार असते. उंच, सरळ खोडांच्या या वृक्षाला हिंदीत साल, संस्कृतात शाल आणि इथल्या बोलींत सरई म्हणतात. बस्तरला 'सालवनांचे द्वीप' असे जे बिरुद लाभले आहे, ते याच्यामुळे. महाराष्ट्रात सालाची नैसर्गिक वने जवळजवळ नाहीतच. तरीही हा वृक्ष आपल्याला सर्वस्वी परका नाही. धूप आणि मलमासाठी आपल्या घरात येणारी राळ ही सालाचाच डिंक आहे. भगवान बुद्धांचा जन्म आणि महापरिनिर्वाण या दोन्ही प्रसंगी परंपरेने शालवृक्षाची सावली सांगितली आहे. आणि बस्तरच्या हाटात कानांवर पडणारी हलबी बोली ऐकताना मराठी माणूस मधूनच थबकतो, कारण तिची ठेवण त्याला ओळखीची वाटते. भारतीय भाषांचे सर्वेक्षण करणाऱ्या ग्रिअर्सन यांनी हलबीची गणना मराठीच्या शाखेत केली होती.

मी हा प्रदेश पाहिला तो जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. धबधबे तेव्हा अजून भरात नसतात. पण ज्यासाठी मी आपल्याला या दिवसांत तिकडे धाडू पाहतो आहे, ती वस्तू याच सुमारास बाजारात येते.

बाजारातील मातकट गोळ्या

जगदलपूरच्या बाजारात पहिल्या पावसानंतर बायका पानांच्या द्रोणांत मातीने माखलेल्या लहान गोळ्या मांडून बसतात. आकाराने बोरापासून लहान चिकूपर्यंत, रंगाने मातकट. हा बोडा. झारखंडात यालाच रुगडा म्हणतात. ही एक प्रकारची अळंबी आहे, परंतु हिला ना दांडा ना छत्री. अॅस्ट्रेअस या प्रजातीची ही बुरशी मातीच्या अगदी वरच्या थरात, अर्धवट गाडलेल्या गोळीच्या रूपात वाढते. कोवळेपणी आतला गाभा पांढराशुभ्र असतो. जून झाली की गाभ्याचे तपकिरी पीठ होते, बाहेरचे जाड साल चांदणीसारखे उलगडते आणि ते पीठ, म्हणजे बुरशीचे बीजाणू, वाऱ्यावर उधळले जातात. खाण्याजोगी ती फक्त कोवळी असताना. हंगामाच्या आरंभी बोड्याचा भाव किलोला हजार रुपयांच्या पुढे जातो. कोणत्याही मटणापेक्षा महाग असलेली ही भाजी घेण्यासाठी तरीही झुंबड उडते.

द्रोण घेऊन बसलेल्या एका वृद्धेला मी विचारले, की एवढा भाव मिळतो तर परसात याची लागवड का करीत नाही? ती हसली आणि हलबी-हिंदीच्या मिश्रणात म्हणाली, "आधी परसात सरई लावा, मग बोडा मागा." तिच्या शेजारणीने पुस्ती जोडली, की सरईच्या खालीच तो फुटतो, दुसऱ्या झाडाखाली शोधून उपयोग नाही.

या दोघींनी जे सांगितले ते वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातही तसेच आहे. बोडा ही सालाच्या मुळांवर जगणारी बुरशी आहे. मात्र 'मुळांवर जगणारी' म्हटल्यावर आपल्या मनात बांडगूळ येते, किंवा माझ्यासारख्याच्या मनात नायटा येतो, तसा हा प्रकार नाही. येथे झाडही तिच्यावर जगत असते.

मातीखालची वार

1885 मध्ये आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने या संबंधाला 'मायकोरायझा' हे नाव दिले. ग्रीक शब्दांचा अर्थ इतकाच, की बुरशी आणि मूळ. आपण त्याला कवकमूळ म्हणू. फ्रांक यांच्याकडे काम आले होते ते ट्रफल नावाच्या, जमिनीखाली वाढणाऱ्या महागड्या अळंबीची लागवड करता येईल का, हे पाहण्याचे. म्हणजे मी त्या वृद्धेला जो प्रश्न विचारला, जवळपास त्याच प्रश्नातून या शास्त्राचा उगम झाला.

सालाच्या झाडाखालची माती बोटांनी हलकेच बाजूला केली, तर पालापाचोळ्याच्या थरालगत केसांसारखी बारीक मुळे हाती लागतात. त्यांची टोके आखूड, किंचित फुगीर आणि फाटे फुटलेली दिसतात. प्रत्येक टोकावर बुरशीच्या तंतूंचे मोजे चढवलेले असतात. या मोज्यातून काही तंतू मुळाच्या पेशींच्या फटींमध्ये शिरतात, पण पेशीच्या आत जात नाहीत. उरलेले तंतू बाहेर, मातीत दूरवर पसरतात. मुळाच्या केसापेक्षाही ते पुष्कळ बारीक असतात. त्यामुळे जेथे मूळ पोहोचू शकत नाही अशा मातीच्या कणांमधल्या फटींतून ते पाणी, स्फुरद आणि नत्र ओढून आणतात. स्फुरदाचे एक वैशिष्ट्य असे, की तो मातीत जागचा हलत नाही. मुळाभोवतीचा साठा संपला की झाडाला नवा साठा शोधत जावे लागते, आणि ते शोधणे झाडाच्या वतीने बुरशी करते. मोबदल्यात झाड तिला आपण सूर्यप्रकाशात घडविलेली साखर देते. हा मोबदला अगदी किरकोळ नसतो. काही वनस्पती आपल्या कमाईचा पाचवा हिस्सादेखील या कामी खर्च करतात.

दुसरा प्रकार याहून जुना आणि फार मोठ्या संख्येने आढळणारा. त्यात बुरशीचे तंतू थेट मुळाच्या पेशीत शिरतात आणि आत जाऊन लहानशा झाडाप्रमाणे फांद्याफांद्यांनी विस्तारतात. मला येथे वैद्यकातील एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. गर्भवतीच्या उदरातील वार आपण जाणता. तिच्यातही अशाच फांद्या असतात. त्या आईच्या रक्ताने वेढलेल्या असतात, तरी आईचे रक्त आणि बाळाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. मध्ये एक पातळ पडदा असतो आणि सारी देवघेव त्या पडद्यातून होते. मुळाच्या पेशीतही तसेच घडते. बुरशी पेशीची भिंत ओलांडते, पण आतला पडदा फाडीत नाही. पडदा तिच्याभोवती दुमडत जातो आणि त्यातून एका बाजूने स्फुरद, दुसऱ्या बाजूने शर्करा व स्निग्ध द्रव्ये जात राहतात. वार नऊ महिने टिकते. पेशीतील ही फांदी मात्र काही दिवसांतच विरून जाते आणि शेजारच्या पेशीत नवी तयार होते.

हे नाते किती पुरातन असावे? स्कॉटलंडमधील ऱ्हायनी या गावाजवळ सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे अश्मीभूत अवशेष मिळाले आहेत. त्या वनस्पतींना धड मुळेही नव्हती. तरीही त्यांच्या पेशींत या बुरशीच्या फांद्या स्पष्ट दिसतात.

जेथे साग आणि साल भेटतात

जगदलपूरच्या दक्षिणेला कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यान आहे. 1982 मध्ये घोषित झालेले, 200 चौरस किलोमीटरांचे. प्रवासी येथे तीरथगढचा धबधबा आणि कुटुमसरची चुनखडीची गुहा पाहायला येतात. गुहा पावसाळ्यात बंद असते, तेव्हा जूनमध्ये जाणाऱ्याने तिची आशा धरू नये. पण या उद्यानाची खरी ख्याती वेगळी आहे. उत्तरेकडून येणारे सालाचे वन आणि दक्षिणेकडचे सागाचे वन येथे एकमेकांना भेटतात. एकाच उतारावर दोन्ही झाडे शेजारी उभी असतात.

वरून पाहता दोन्ही केवळ झाडेच. खाली मात्र दोन निराळी घरे आहेत. सालाच्या मुळांवर मोजे घालणारी बुरशी, तर सागाच्या मुळांत पेशीमध्ये शिरणारी. सालाची साथीदार पावसाळ्यात बोड्याच्या किंवा छत्र्यांच्या रूपाने वर डोके काढते. सागाची साथीदार आयुष्यभर मातीतच राहते, तिला डोळ्यांनी दिसावी अशी छत्री येत नाही. म्हणूनच सागाखाली बोडा शोधून उपयोग नाही.

आपली बहुतेक पिके या बाबतीत सागाच्या घरातली आहेत. ज्वारी, गहू, तूर, कापूस, कांदा आणि अंगणातला आंबासुद्धा. मोहरी-कोबीच्या कुळाला आणि पालक-बीट यांना मात्र या बुरशीची गरज पडत नाही. ज्वारीचे मूळ या बुरशीला हाक मारण्यासाठी मातीत एक रसायन सोडते. ती हाक एक आगंतुकही ऐकतो. शेतकरी ज्याला टारफुला म्हणून ओळखतात, त्या परोपजीवी तणाचे बी याच रसायनाच्या चाहुलीने रुजते आणि ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचे सत्त्व शोषते. मित्राला बोलावताना दार उघडे ठेवावे लागते, त्यातलाच हा प्रकार.

आपल्या आरोग्याशी याचा संबंध काय, असे आपण विचाराल. ही बुरशी झाडाला स्फुरदाबरोबर जस्तही पुरविते. भारतातील बऱ्याच शेतजमिनींत जस्ताची उणीव आहे. बाळाला जुलाब झाले की आम्ही डॉक्टर जलसंजीवनीच्या जोडीला जस्ताच्या गोळ्या देतो, त्या याच मूलद्रव्याच्या. धान्यातून येणाऱ्या जस्ताचा काही भाग पिकाने या तंतूंच्या वाटेने मिळविलेला असतो. स्फुरदयुक्त खत गरजेपेक्षा अधिक पडले, तर पिकाला बुरशीची गरज उरत नाही आणि ते तिला घर देईनासे होते. खत अजिबात नको असा याचा अर्थ नव्हे. मातीची तपासणी करून ते द्यावे, एवढाच आहे.

एक फसलेला बेत

बस्तरच्या वनाविषयी सांगताना 1970च्या दशकातील एका योजनेचा उल्लेख टाळता येणार नाही. कागदाच्या लगद्यासाठी येथील सालवने तोडून त्यांच्या जागी कॅरिबियन पाइन हे परदेशी झाड लावण्याचा प्रकल्प जागतिक बँकेच्या साहाय्याने हाती घेण्यात आला होता. आदिवासींचा त्याला विरोध होता. सरईवर त्यांचे फळ, तेल, पाने, राळ, इंधन आणि पहिल्या पावसातला बोडा अवलंबून होता, देवही तिच्याच सावलीत होते. अखेर 1980च्या दशकाच्या आरंभी तो प्रकल्प सोडून देण्यात आला.

पाइनच्या लागवडीत मातीखालच्या सोबत्याचे महत्त्व जगाने तोपर्यंत अनुभवले होते. पोर्टो रिको बेटावर पाइन लावण्याचे प्रयत्न अनेक वर्षे फसत होते. रोपे उगवायची, पिवळी पडायची आणि मरायची. 1950च्या दशकात अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील पाइनखालची माती आणून रोपांना दिली, तेव्हा ती तगली. त्या मातीबरोबर पाइनची बुरशी आली होती.

सालाचे उलट. तो आपल्याच भूमीत आहे, त्याची बुरशीही येथे आहे, आणि तरी त्याला नव्याने लावणे वनखात्याला नेहमीच जड गेले आहे. त्याचे बी जेमतेम आठवडाभर जिवंत राहते. पंख असलेली फळे गरगरत खाली पडतात ती पावसाच्या तोंडावर, म्हणजे बोडा फुटतो त्याच दिवसांत. ओल मिळाली तर बी लगेच रुजते आणि कोवळ्या मुळाला मोठ्या झाडांच्या मुळांवर आधीच नांदत असलेली बुरशी आयती भेटते. रोपवाटिकेतल्या पिशवीत हे जुळून येणे कठीण. अडचणीची इतरही कारणे आहेत, पण हे त्यांपैकी एक आहे. म्हणून खाणीसाठी किंवा रस्त्यासाठी सालवन तोडताना 'त्याच्या दुप्पट झाडे दुसरीकडे लावू' असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा मला ते हिशेबाला धरून वाटत नाही. त्या हिशेबात खोडे मोजलेली असतात. माती मोजलेली नसते.

येथे एका अतिशयोक्तीपासूनही सावध राहिले पाहिजे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सुझान सिमर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. भूर्ज आणि डग्लस फर या झाडांमध्ये कर्बाची देवाणघेवाण होते, असे त्यात दिसले. त्यानंतर 'झाडे एकमेकांशी बोलतात', 'आई-झाड पिलांना भरवते' असे संदेश आपल्या फोनवर फिरू लागले. 2023 मध्ये या विषयातील काही जाणकारांनी सारा पुरावा पुन्हा तपासून सांगितले, की वनात प्रत्यक्ष असे घडते याचा आधार लोकांना वाटतो तेवढा भक्कम नाही. झाड आणि त्याच्या मुळावरील बुरशी यांचे नाते मात्र वादातीत आहे, आणि तेवढेही पुरेसे विलक्षण आहे.

झाडाची दाई, यकृताचा काळ

आता एका डॉक्टरचे कर्तव्य. बोड्याची कहाणी वाचून आपल्याला रानातली अळंबी वेचण्याचा मोह होईल. तो कटाक्षाने टाळावा. जगातील सर्वांत घातक अळंबी ज्या अॅमानिटा प्रजातीत मोडतात, त्यांतील बहुतेक बुरशी झाडांच्या मुळांशी असेच सख्य करून राहतात. जी झाडाला पोसते, तीच आपल्या यकृताचा घात करते. एप्रिल 2022 मध्ये आसामात रानटी अळंबी खाऊन तेरा जण दगावले.

या विषाची चाल फसवी असते. ते शिजवल्याने नष्ट होत नाही. खाल्ल्यानंतर 6 ते 24 तास काहीच होत नाही. मग उलट्या, पोटात कळा आणि पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. दुसऱ्या दिवशी रुग्णाला बरे वाटू लागते, घरचे निर्धास्त होतात. याच काळात यकृत निकामी होत असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसते, तोवर बराच उशीर झालेला असतो. म्हणून अळंबी खाल्ल्यावर काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू झाले, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. उरलेली भाजी आणि कच्चा तुकडा सोबत घेऊन थेट मोठे रुग्णालय गाठावे, आणि ज्यांनी ज्यांनी ती खाल्ली त्या सर्वांना न्यावे, त्यांना त्रास होत नसला तरीही.

चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण रंग बदलतो, किड्यांनी कुरतडलेली अळंबी निर्धोक असते, या साऱ्या समजुती खोट्या आहेत. बोड्यासारख्या गोल अळंबीतही धोका संभवतो, कारण अॅमानिटा कोवळेपणी अंड्यासारखी दिसते. उभी चिरली तर तिच्या आत छत्री आणि दांडा यांची रेषा उमटलेली असते. चांगल्या बोड्याचा गाभा सलग पांढरा असतो. मात्र ही खूण ठाऊक झाली म्हणून आपण परीक्षक होत नाही. बस्तरच्या बायका बोडा ओळखतात तो आईच्या हाताखाली अनेक पावसाळे वेचून. विकत घ्यावा तो त्यांच्याचकडून. तो पुन्हा पुन्हा धुवावा, कारण माती सहज निघत नाही. नीट शिजवावा आणि प्रथमच खात असाल तर थोडाच खावा.

बोड्याने मधुमेह बरा होतो, हृदयरोग टळतो असे कोणी सांगितले, तर ऐकून सोडून द्यावे. कोणत्याही ताज्या अळंबीत नऊ दशांश पाणीच असते. चव उत्तम, प्रथिने भाजीच्या मानाने बरी, पण डाळीची जागा ती घेऊ शकत नाही.

कोकण-गोव्याच्या वाचकांना आपली वारुळावरची अळंबी आठवली असेल. तिचे सख्य मुळाशी नसून वाळवीशी असते, आणि म्हणूनच तिचीही शेती आजवर जमलेली नाही. तेथेही कोवळी ओरबाडून सगळी नेली, की बीजाणू उधळायला काही उरत नाही. बस्तरात काही ठिकाणी भावाच्या लोभाने माती खोलवर खरवडली जाते, तेव्हा बोड्याबरोबर मुळांवरचे तंतूही तुटतात. जाणत्या बायका काटकीने वरवर उकरतात आणि काही गोळ्या तशाच राहू देतात.

आपण तिकडे जाल, तेव्हा वाटाड्या स्थानिक घ्या, जाडजूड बूट घाला, डासांपासून जपा. बस्तर हा मलेरियाचा प्रदेश आहे, परतल्यावर महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना प्रवासाची माहिती अवश्य द्या. सालाच्या झाडाखाली थोडा वेळ बसा. माती उकरून पाहिलीत, तर पाहून झाल्यावर ती पाल्यासकट पूर्ववत झाका. त्या आठवड्यात पडलेले बी तेथेच कुठेतरी रुजत असते.